तोंडी सारं येते, लिहिता येत नाही

‘मॅडम, पोट्टं डोक्यानं कमी त नाही ना?’

पोराला पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर पाठवून, आवाज खाली आणून विचारलेला हा प्रश्न. यवतमाळ जिल्ह्यात समुपदेशक म्हणून, शिकायला अडणाऱ्या मुलांसोबत काम करताना तो इतक्यांदा ऐकलाय की पालक खुर्चीत सावरून बसले की येणार हे कळतंच. त्याच्या मागोमाग हमखास दुसरं वाक्य येतं, ‘तोंडी सारं सांगते जी, लिहाले बसवलं की रडते.’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरेचदा या दुसऱ्या वाक्यात असतं, पण ते आपणच दिलंय हे पालकांच्या लक्षात येत नाही. म्हणून एका मुलाबद्दल सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. त्याला बाळ्या म्हणू.

बाळ्या पाचवीत. घरची कोरडवाहू शेती, पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि तूर. त्याच्या वहीत ‘ध’च्या जागी ‘घ’, ‘भ’च्या जागी ‘म’, वेलांटी कधी अलीकडे कधी पलीकडे. जोडाक्षर आलं की पेन इतका दाबलेला की पान फाटायला आलेलं. गणितात रीत बरोबर, उत्तराचे आकडे उलटे. वडिलांचं निदान तयार होतं. ‘आळशी आहे. ट्यूशन लावून पाह्यली, मोबाईल काढून घेतला, मारलं बी. आता एकेक शब्द दहा-दहा वेळा लिहून घेतो.’

अशा मुलाचे आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. नुसत्या चष्म्याने सुटलेली प्रकरणं मी पाहिली आहेत. दुसरं, घरात कोणती बोली आहे ते विचारावं. आमच्याकडे कोलामी, गोंडी, बंजारा बोलणारी मुलं पहिलीत येतात तेव्हा पुस्तकातली मराठी त्यांना परकीच असते. वेचणीच्या हंगामात महिना-दोन महिने शाळा बुडवणारंही मूल मागे पडतं. बुद्धी ठीक असूनही वाचणं, लिहिणं किंवा आकडे अडतात, त्याला अध्ययन अक्षमता म्हणतात. या सगळ्यांना तिचा शिक्का मारून मोकळं होणं हा अन्याय आहे. बाळ्याच्या बाबतीत डोळे, कान, बोली, बुडालेली शाळा यातलं कुठलंच कारण नव्हतं. बुद्धिमापनासाठी मी वापरते ती चाचणी नागपूरच्या आर्थर मॅलिन यांनी 1969 मध्ये भारतीय मुलांसाठी बेतलेली. विदर्भाच्या या कामाचा मला अभिमान वाटतो, जाता जाता सांगून ठेवते. बाळ्याची बुद्धी वयाला साजेशीच निघाली, थोडी वरचढच.

पण आकडा सांगून बाप ऐकत नसतो, आणि खरं सांगायचं तर चाचणीपेक्षा माझा विश्वास मूल घरात काय करतं यावर जास्त आहे. म्हणून आईला विचारलं, ‘ताई, हा घरी कशात हुशार आहे?’

‘हिशेब त हाच ठेवते ना. सांजच्याला बायांचा कापूस काट्यावर तोलला की कोनाचा किती भरला, कोनाची उचल किती, सारं याच्या ध्यानात.’

‘ते अलग आहे जी,’ वडील मध्येच म्हणाले. ‘ते काय अभ्यास हाय?’

मी बाळ्याला आत बोलावलं. ‘पस्तीस किलो कापूस, दहा रुपये किलोनं वेचणी, बाईनं दीडशे उचल घेतली आहे. किती द्यायचे?’

‘दोनशे.’ प्रश्न संपायच्या आत.

‘आता दुसरीचा लिहून ठेव. त्रेपन्न किलो.’

त्याने लिहिलं 35. मी म्हटलं, वाच. तो वाचू लागला, ‘पस्तीस,’ आणि थबकला. ‘मी त त्रेपन्न लिवलं होतं ना?’ त्याचा चेहरा कोणीतरी वही बदलल्यासारखा झाला होता. मग मी म्हटलं, ‘पन्नास आणि तीन लिही.’ 53. ‘सत्तेचाळीस?’ 74. ‘चाळीस आणि सात?’ 47.

मराठीत आपण त्रेपन्न म्हणतो तेव्हा तीन आधी ऐकू येतो, पन्नास नंतर. लिहायचा मात्र पाच आधी. बहुतेक मुलांची ही अडचण दुसरी-तिसरीपर्यंत आपोआप सुटते. बाळ्यासारख्यांचा हात मात्र कानाने ऐकलेल्या क्रमानेच आकडे लिहीत राहतो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीस, बावीसला ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा राज्यभर थट्टा झाली. भाषेचा वाद भाषेच्या जाणकारांनी करावा, अशा मुलांना ती रीत कामाची आहे एवढं मी अनुभवाने सांगते.

वडील कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘म्हंजे हिशेब येते, फक्त उतरवता येत नाही.’ मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहावं. थोड्या वेळाने तेच म्हणाले की कृषी केंद्रातलं बिल ते स्वतः कधी वाचत नाहीत, दुकानातल्या पोराकडून वाचून घेतात. सातवीत शाळा सुटली ती याच पायी. आणि मग, ‘मंग मले गुरुजींनं काहून मारलं असंन?’

अध्ययन अक्षमतेच्या या अडचणी बरेचदा घराण्यात चालत येतात, हे मी एरवी पहिल्याच भेटीत सांगते. या घरात ते बापाच्या तोंडून आलं आणि त्याची किंमत माझ्या दहा व्याख्यानांपेक्षा जास्त होती. हा माणूस रागीट म्हणून मारत नव्हता. ही वाट कुठे जाऊन संपते ते त्याला ठाऊक होतं आणि पोराला तिथून परत फिरवायला त्याच्याकडे छडीशिवाय काही नव्हतं. म्हणून मी मुलाच्या आधी बापाशी काम करते. घरातली भीती उतरली नाही तर माझ्या खोलीत शिकवलेलं अक्षर दारापर्यंतही टिकत नाही.

घरी काय करायचं ते मी सगळ्यांना एकच सांगते. दहा वेळा लिहून घेणं बंद. चुकीचं अक्षर दहा वेळा लिहिलं की चूकच पक्की होते. परातीत ज्वारीचं पीठ पसरा, अक्षर हातभर मोठं, बोटाने, तोंडाने म्हणत काढू द्या. ‘ध’ बसल्याशिवाय ‘घ’ला हात लावू नका, दोन्ही एकत्र तर कधीच नाही. रोज पंधरा मिनिटं, ठरल्या वेळी, त्याहून जास्त नको. इतिहास, परिसर अभ्यास तुम्ही किंवा मोठ्या बहिणीने वाचून दाखवायचा आणि त्याने उत्तर तोंडी द्यायचं. शाळेत जाऊन एवढंच मागा की शुद्धलेखनाचे मार्क उत्तराच्या मार्कातून कापू नका. स्मरणशक्तीच्या टॉनिकवर पैसे घालू नका, हा आजार नाही. पूर्ण जातही नाही. मूल त्याला वळसा घालायला शिकतं.

अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राला पालक घाबरतात. ‘अपंगाचा शिक्का लागंन, पोरीचं लगन कसं होईल?’ 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता धरलेली आहे, आणि महाराष्ट्रात परीक्षेतल्या सवलती त्याच्याही आधी, 1996 पासून सुरू झाल्या. दहावीला तासामागे वीस मिनिटं जादा, गरज असेल तर लेखनिक. ज्याला उत्तर येतं पण उतरवायला वेळ लागतो, त्याला ही वीस मिनिटं पास-नापासाचा फरक करतात. शिक्का तर वर्गात मागच्या बाकावर बसवून आधीच मारलेला असतो. प्रमाणपत्र आठ वर्षांचं झाल्यावरच आणि शासकीय यंत्रणेकडूनच मिळतं, त्यामुळे ‘दहावीच्या वर्षी बघू’ म्हणू नका. रांग लांब असते.

बाळ्या आता सातवीत आहे. वाचन संथ आहे, ‘भ’ अजून कधीकधी ‘म’ होतो. आकडे मात्र ‘पन्नास-तीन’ असं पुटपुटत बरोबर लिहितो. वेचणीचा हिशेब वहीत उतरवायचं काम वडिलांनी आता त्याच्याकडेच दिलंय, आणि ती वही ते दुसऱ्या कोणाकडून तपासून घेत नाहीत, असं आईने हसत सांगितलं.

पहिल्या भेटीला येताना प्रगतिपुस्तक आणलं नाही तरी चालेल. वह्या आणा, गेल्या दोन वर्षांच्या, खोडाखोडीच्या. फेअर करून आणलेली वही माझ्या काही कामाची नसते. आणि पोराला सकाळी घेऊन या. दुपारच्या एसटीने उन्हात आलेलं मूल चाचणीला बसायच्या आधीच थकलेलं असतं.