पट्टा एका हाताने सुटतो का?

बाळा,

काल तू सागाची फळी आणि सायकलची ट्यूब घेऊन आलास आणि जाताना म्हणालास, "काका, पाण्याखाली मासे मारायची बाहेरची बंदूक परवडत नाही, आणि ही घरची घेऊन गेलो तर पोरं हसतील." हसू देत. हसण्याने कोणी बुडत नाही, न तपासलेल्या वस्तूने बुडतो. घरी केलेली प्रत्येक वस्तू आधी जमिनीवर मोडून बघ, मग पाण्यात ने.

लाज कसली वाटते? फिलिपाइन्स-इंडोनेशियाकडचे बाजाऊ लोक लाकूड कोरून पाण्याखालचे चष्मे करतात, लाकडाच्याच बंदुकीला रबर लावतात आणि मासा घेऊन वर येतात. पण त्यांचं बघून चष्मा करायला बसू नकोस. चष्म्यात नाक नसतं. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, आतली हवा आकसते आणि डोळे बाहेर ओढले जातात. मास्कमध्ये नाकातून जराशी हवा सोडली की भागतं. मास्क विकतच घे.

ट्यूबचं सांगतो. ती बहुतेक ब्यूटाइल रबराची असते. हवा छान धरते, पण ताणून सोडली की मरगळलेली. लॅटेक्सची नळी आण. तिचा ओढा सामान मोजायच्या काट्यावर मोज आणि त्याच्या दुप्पट वजन घोड्याला रात्रभर टांगून ठेव, खाली जुनी गादी टाकून. सकाळी वजन गादीवर सापडलं तर नशीब समज, पाण्याबाहेर कळलं. भरलेली बंदूक मात्र कोरड्यात सोडायची नाही, एकदाही नाही.

आणि तो बागेच्या पाइपाचा लांब स्नॉर्कल फेकून दे! मीटरभर खाली गेलास की पाणी छातीवर असं बसतं की वरची हवा ओढताच येत नाही. दीड फुटाच्या आतली नळी पुरते. दम धरण्याआधी भराभरा श्वास घ्यायचे नाहीत आणि एकट्याने उतरायचं नाही, हे तुला ठाऊक आहे, पुन्हा लिहीत नाही.

आता पट्टा, खाली जायला कमरेला वजन बांधतो तो. टायरवाल्यांकडून चाकाच्या बॅलन्सिंगचं जुनं शिसं गोळा केलं होतं मी, वितळवून वड्या ओतल्या, ट्रकच्या ट्यूबच्या पट्टीत ओवल्या. बकल जुन्या दप्तराचं. दिसायला झकास. गंगापूर धरणावर धाकट्या भावाला बांधला. खाली गाळ उठला, बकलात वाळू गेली, ते सुटेना. मी वरच होतो, चाकूने पट्टी कापली म्हणून तो आला. नदीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं की अर्धं नाशिक पूर बघायला गोदाकाठी उतरतं. भाऊ तेव्हापासून तिथेही उतरत नाही.

घरचे म्हणतात, मी पैसे वाचवायला गेलो. खोटं आहे. वाचवायला पैसे होते कुठे? आणि ते बकल मी पंधरा वेळा उघडून बघितलं होतं. कोरडं. वाळू घालून नव्हतं बघितलं, एवढंच. दुकानातलं बकल अडकत नाही असं थोडंच आहे? पण ते मी केलेलं नसतं, हा फरक मला अजून पचत नाही.

म्हणून तुझा पट्टा बादलीत बुडव, मूठभर वाळू टाक, डोळे मीट आणि डाव्या हाताने सोड. एका ओढीत सुटला नाही तर बकल बदल. सुटला तरी उद्या पुन्हा कर. कंटाळलास तर बंदूक माझ्याकडे ठेवून जा.

मालवणचं डोक्यातून काढ, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, भाला काढायचा नाही. दुसरी जागा बघू.

रविवारी सकाळी ये. गादी माझ्याकडे आहे, वाळू तू आण.

तुझा,
काका