रॅटच्या चालीत गुडघ्याचा कोन चुकीचा का येतो?

प्रयोगशाळेतल्या रॅटची (मोठ्या जातीच्या उंदराची) चाल मोजताना सांध्यांवर खुणा लावून व्हिडिओ काढतात. कोन चुकतो तो गुडघ्यावरच्या कातडीवर लावलेल्या खुणेमुळे. रॅटची कातडी सैल असते. पाय पुढेमागे होताना ती हाडावरून घसरते आणि खूण सांध्यापासून कित्येक मिलिमीटर दूर जाते. व्हिडिओत ती कितीही ठळक दिसली तरी गुडघा तिथे नसतो.

म्हणून गुडघ्याची खूण सोडून द्या. खुबा आणि घोटा टिपा, मांडीचे हाड व नडगी यांची लांबी त्याच प्राण्याच्या एक्स-रेवरून घ्या, आणि त्रिकोणाच्या कोसाइन नियमाने (तीन बाजूंवरून कोन देणाऱ्या सूत्राने) गुडघ्याचा कोन काढा. समजा मांडीचे हाड ३५, नडगी ४० आणि खुबा-घोटा अंतर ५० मिमी. कोन सुमारे ८३ अंश येतो. तेच अंतर ५५ धरले की ९४! म्हणजे ५ मिमीच्या चुकीला ११ अंशांचा फटका. त्यामुळे खुब्याची खूण बोटाने हाडाचा उंचवटा चाचपूनच लावा. तीही थोडी सरकतेच, पण गुडघ्याइतकी नाही.

एकच कॅमेरा असेल तर आणखी एक घोळ: पाय बाहेर फाकला की अंतर कमी दिसते आणि गुडघा जास्त वाकल्यासारखा वाटतो. दोन कॅमेरे हवेतच. आणि इजा झालेल्या व निरोगी रॅटची तुलना करताना चालीचा वेग सारखा ठेवा, नाहीतर वेगामुळे पडलेला फरक इजेच्या खात्यावर जमा होतो.