गेलेलं सर्कल शोधताना

लातूर, रविवार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं टिपण मिळालं. मोडीत निघालेल्या आपल्या झेडपी सर्कलचा, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघाचा, निवडणूक इतिहास लिहायला घेतलास, हे वाचून बरं वाटलं. आमदारकीचे आकडे सगळेच जमवतात, झेडपीकडे कुणी बघत नाही. पण पहिल्या पानावरचा तक्ता, म्हणजे वर्ष, विजयी उमेदवार, पक्ष, तो आधी फाडून टाक. रागावू नकोस. तशीच चूक मी छापून बसलोय, म्हणून सांगतो.

२००२ च्या निकालानंतर एका दिवाळी अंकात मी ऐटीत लिहिलं होतं, की आपल्या सर्कलात अमुक पक्षाचा पाया ढासळला. अंक निघाला आणि बाजारच्या दिवशी एका माळकरी म्हाताऱ्यानं मला गाठलं. म्हणाला, ‘‘गुरुजी, पाया कुठं ढासळला? आमची तीन गावंच उचलून पलीकडच्या सर्कलात टाकली की!’’ मी घरी येऊन सर्कलातल्या गावांच्या दोन्ही वेळच्या याद्या शेजारी ठेवल्या. नाव तेच, गावं निराळी. लोकांनी मत बदललंच नव्हतं, हद्द बदलली होती.

म्हणून तक्ता उमेदवारांचा नको, गावांचा कर. डावीकडं एकेक गाव, वाडी, तांडा. वर निवडणुकीची वर्षं. चौकटीत ते गाव त्या वेळी कुठल्या सर्कलात होतं ते. हे काम महिनाभर खाईल. त्याशिवाय पुढं सरकू नकोस.

कागद शोधताना एक ध्यानात ठेव. आपण मराठवाड्यात तोंडानं ‘सर्कल’ म्हणतो, पेपरवाले ‘गट’ लिहितात आणि राजपत्रात ‘निवडणूक विभाग’ असतो. रेकॉर्डमध्ये जाऊन ‘सर्कल’ मागितलंस तर कारकून तुला महसूल मंडळाचा गठ्ठा काढून देईल. ते तलाठ्यांचं सर्कल, आपलं नव्हे. गटाखाली पंचायत समितीचे दोन गण असतात. त्यांचे आकडेही घे, कारण सर्कलातली खरी भांडणं गणात दिसतात. गटाच्या क्रमांकावर तर मुळीच विसंबू नकोस. क्रमांक उत्तरेकडून सुरू होऊन दक्षिणेला संपतात. वर कुठं एक गट वाढला की खालच्यांचे सगळे आकडे सरकतात.

मग जिल्ह्याचा गुंता. १९६१ चा कायदा, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या, एवढं तू लिहिलंस, ठीक. पण लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधीच्या चारही निवडणुकांना, ६२, ६७, ७२ आणि ७९ ला, आपल्या लोकांनी उस्मानाबाद जिल्हा परिषदेसाठी मतं दिली. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच होते, आणि झेडपीचे सदस्य होते ते उस्मानाबादच्या. त्यामुळं जुनं काही हवं असेल तर धाराशिवची एसटी धर. परतूरकडच्या गावांचं आणखी मजेशीर: ७९ ला परभणीचे मतदार, ९२ ला जालन्याचे. हिंगोलीवाल्यांनी तर १९९७ पर्यंत परभणीलाच मत दिलंय. तुझा विषय एका सर्कलचा आहे, पण तुलना करशील तेव्हा हे आडवं येणार.

आता १९७९ आणि १९९२ यांच्यामधली तू सोडलेली एक ओळ. तिथं तू नुसती रेघ मारलीस! अरे, तेरा वर्षं जिल्हा परिषदेचं मतदान झालं नाही. ७९ ला बालवाडीत असलेलं पोर ९२ ला मतदार म्हणून रांगेत उभं होतं. ७९ ची निवडणूक नामांतराच्या दंगलींनंतर वर्षाच्या आत झाली. गावात कोण कुणाच्या पारावर बसत नव्हतं, ते त्या आकड्यांत आहे. पुढं याच रिकाम्या काळात शरद जोशींची शेतकरी संघटना आली, शिवसेनेच्या शाखांच्या पाट्या खेड्याच्या फाट्यांवर लागल्या, मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. ९२ ला स्त्रियांच्या ३० टक्के जागाही आल्या. माझ्या मते तुझं सगळ्यात मोठं प्रकरण हेच व्हायला हवं, आणि त्यासाठी कागद कमी, माणसं जास्त लागतील. सत्तरी ओलांडलेल्यांकडं आधी जा. ‘कोण निवडून आलं?’ असं विचारू नकोस, ते सगळ्यांना पाठ असतं. ‘जीप कुणाची होती, जेवण कुणाच्या वाड्यात होतं?’ असं विचार.

आरक्षणाचा रकाना वेगळा ठेव. २०१२ पासून बायकांच्या निम्म्या जागा झाल्या. प्रचारपत्रकावर नाव बाईंचं आणि फोटो नवऱ्याचा मोठा, अशी पत्रकं माझ्याकडं आहेत. पण त्यावरून सगळ्याच बाया बाहुल्या होत्या असं लिहू नकोस. इतिवृत्तात त्यांनी काय विचारलं ते वाच, मग ठरव.

९२ आणि ९७ च्या टक्केवारीची तुलना करताना औसा तालुक्याकडची गावं जपून हाताळ. मधे ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप येतो. किल्लारीकडची गावं जुन्या जागेवरून उठून नव्या जागी वसली. ९७ ला तिकडच्या एका केंद्रावर मी केंद्राध्यक्ष होतो. यादीतलं नाव पुकारलं, की रांगेतून कुणीतरी हळूच म्हणायचं, ‘‘ते गेले, गुरुजी.’’ दुपारपर्यंत मी पुकारणंच बंद केलं, नुसतं बोट ठेवून विचारायला लागलो. तिथल्या कमी मतदानाला ‘उदासीनता’ म्हणणारा लेख मी नंतर वाचला.

टक्केवारीचंच आणखी एक. २०१७ चं मतदान आपल्याकडं १६ फेब्रुवारीला झालं, म्हणजे ऐन गळीत हंगामात. तांड्यांवरचे कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, तेव्हा फडात असतात. कुणाच्या खर्चानं टोळ्या दोन दिवस परत आल्या, टोळी नेणारा मुकादम कुणाचा होता, यावर तांड्याचा आकडा फिरतो. जळकोट-अहमदपूरकडच्या कुठल्याही मुकादमाला विचार.

सर्कल मोडलं कसं, याचं कारण तू ‘राजकीय डाव’ एवढंच दिलंस. डाव असेलही. पण चाकूर, रेणापूर अशी तालुक्याची गावं नगरपंचायती झाली, तशी ती झेडपीच्या यादीतूनच वजा झाली. बाजाराचं गाव गेलं की उरलेल्या वाड्यांना शेजारी वाटून घेतात. आधी लोकसंख्येचा हिशेब मांड, मग हरकतींचे अर्ज वाच. डाव असला तर तिथं सापडेल. २०२२ चे नकाशे हाती लागले तर हुरळू नकोस. तेव्हा जागा वाढवून नवी रचना केली होती, पुढं सरकार बदलल्यावर ती मोडीत निघाली. त्यातल्या कितीतरी गटांत कधी मतदानच झालं नाही.

माझी ट्रंक तुझ्यासाठी उघडून ठेवतो. ९२ ची गावांची यादी आहे, तिचा शेवटचा भाग उंदरानं खाल्लाय. ती आठ-दहा गावं तुला हिंडूनच भरावी लागतील. येताना मोबाइल पूर्ण चार्ज करून आण, फोटो खूप काढावे लागतील आणि आमच्याकडं दुपारी लाइट नसते.

तुझा,
गुरुजी