उपवासकाळात ख्रिस्ती लोक फक्त मांसाहारच सोडतात का?

तुमचा प्रश्न असा आहे की लेंट म्हणजे चाळीस दिवस मटण सोडायचं, एवढंच ऐकून आहात. मग तुमच्या ऑफिसातली ख्रिस्ती मैत्रीण नेमकी याच दिवसांत दर शनिवारी वृद्धाश्रमात का जाते? मी वसईची, कॅथलिक घरातली. आमच्याकडे काय चालतं ते सांगते.

ईस्टरआधीच्या या चाळीस दिवसांच्या लेंटला आम्ही उपवासकाळ म्हणतो. पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळाला राख लावतात, त्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातलं वाचन असतं. दान, प्रार्थना, उपवास, आणि तिन्ही गाजावाजा न करता. उपवास त्यात शेवटी येतो. लगेच शुक्रवारी यशया संदेष्ट्याचं वाचन: भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्या, बेघराला घरात घ्या, हा देवाला आवडणारा उपवास. पुढच्या सोमवारी येशूचे शब्द, की या लहानातल्या लहानाला जे केलंत ते मलाच केलंत. तुमची मैत्रीण वेगळं काही करत नाही, पहिल्या सहा दिवसांत जे कानावर पडतं तेच करते.

आमच्या घरी मटण बंद झालं की आई त्याचे पैसे चहाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. ईस्टरआधी तो डबा चर्चमध्ये जायचा. मटण सोडून पनीरवर ताव मारला आणि वाचलेले पैसे खिशातच राहिले, तर त्याला उपवास म्हणायला माझं मन तयार होत नाही.

पण पैसे देणं सोपं आहे, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, गरिबांना मदत करणारी संत विन्सेंट डी पॉल सोसायटी आहे. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या कॉलेजातल्या मित्रांनी ती सुरू केली, तेव्हापासून गरिबाच्या घरी स्वतः जायचं ही तिची रीत. एका उपवासकाळात मीही एका सभासद बाईंबरोबर जाऊ लागले. अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी, मुलं लांब, शेजारी डबा देणारे. आम्ही तांदूळ, डाळ, साबण घेऊन गेलो. तिने पिशवीकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "बाय, माझी नखं काढशील?" पायाची नखं वाढून बोटात वळली होती. कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवले, तासाभराने नखं मऊ झाली, मग एकेक करत काढली. टाचांच्या भेगांत खोबरेल भरलं. पाय माझ्या मांडीवर तसेच ठेवून ती झोपली.

येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या आठवणीत, ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी, त्या वर्षी फादर बारा जणांचे पाय धूत होते, तेव्हा मला तेच पाय दिसत होते. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी हा विधी रोमच्या बालसुधारगृहात केला आणि तिथल्या मुलामुलींचे, त्यात मुसलमान मुलांचेही, पाय धुतले. मला तर तेव्हापासून हा विधी चर्चच्या चार भिंतींत मावतच नाही असं वाटतं.

एक कळकळीने सांगते. अशा घरी गेलात तर फोटो काढू नका. मदत घेणाऱ्यालाही अब्रू असते.

शेवटी तुम्ही विचारलंय, ख्रिस्ती नसताना मैत्रिणीबरोबर गेलं तर चालेल का. अहो, जरूर जा. जुन्या कपड्यांचं गाठोडं नको, त्याचे ढीग पडलेले असतात. नेलकटर आणि तेलाची बाटली न्या, आणि हातात दोन तास मोकळे ठेवा.