क्यूच्या जॉइंटला आमसूल नको

प्रश्न : माझ्या दोन भागांच्या स्नूकर क्यूचा, म्हणजे खेळायच्या काठीचा, पितळी जॉइंट पावसाळा लागल्यापासून फिरवताना करकरतो, आट्यांत हिरवट थर दिसतो आणि फटका मारताना हाताला बारीकसा ‘टक्’ असा धक्का जाणवतो. घरी समई आमसुलाने घासतात, तसाच जॉइंटही घासावा का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : आमसूल मुळीच लावू नये. आमसुलाच्या आंबटपणामुळे पितळ लखलखते हे खरे. परंतु समई घासल्यावर आपण ती भरपूर पाण्याने धुऊन उन्हात वाळवतो, तसे जॉइंटचे करता येत नाही. आट्यांच्या तळाशी उरलेला आंबट ओलावा पितळेला पुन्हा कळकवतो. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी कळकते, त्याचेच हे दुसरे रूप आहे. पितळेच्या पॉलिशपासूनही दूर राहावे, कारण लगतच्या ॲशच्या लाकडाच्या रेषांत त्याची पांढरी पूड बसली की ती सहजी निघत नाही.

आपल्या किनाऱ्यावर वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते, आणि त्यात हाताचा घाम व क्यूच्या टोकाला लावायच्या खडूची पूड मिसळली की आट्यांत चिकट लगदा तयार होतो. करकर त्याचीच असते. हा लगदा दोन्ही पितळी तोंडांच्या मध्ये आला, तर ती एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत आणि फटक्याचा धक्का हाताला जाणवतो.

सफाईसाठी प्रथम जॉइंटलगतच्या लाकडाभोवती कागदी चिकटपट्टी गुंडाळावी. जुना, कोरडा टूथब्रश स्क्रूच्या आट्यांवर आट्यांच्याच दिशेने फिरवावा आणि त्या वेळी क्यूचे तोंड खाली ठेवावे, म्हणजे पूड बाहेर पडेल. नंतर कान साफ करण्याच्या कापसाच्या काडीवर औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम ओल येईल इतकेच घेऊन आतील आटे पुसावेत. काडी हिरवी-काळी निघते. ती स्वच्छ निघेपर्यंत काड्या बदलत राहाव्यात. अल्कोहोल थेट ओतू नये, कारण ते लाकडावरील लेप विरघळवू शकते. शेवटी स्क्रूला मेणाचा अगदी पुसट हात द्यावा. तेल मात्र नको. काही वर्षांपूर्वी मी शिलाई मशीनचे तेल घातले होते; ते लाकडात मुरून जॉइंटभोवती उमटलेले काळपट कडे आजही तसेच आहे. खोबरेल तर थंडीत थिजते.

वातानुकूलित हॉलमधून बाहेर दमट हवेत आल्यावर गार पितळेवर लगेच दव धरते, जसे बर्फाच्या पाण्याच्या पेल्यावर धरते. म्हणून खेळ संपताच हॉलमध्येच क्यू सुटा करून, कोरड्या सुती कापडाने पुसून पेटीत ठेवावा आणि घरी पोहोचल्यावर तासभर तरी पेटी उघडू नये. ज्यांच्या क्यूला हिरवा थर वारंवार येतो, त्यांनी आधी ही सवय लावून पाहावी. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात व त्या वेळोवेळी बदलाव्यात.

पावसात जॉइंटवरून बोट फिरवताना बारीक पायरी लागली, तर घाबरू नये. लाकूड ओलाव्याने जाडीत फुगते, पितळ फुगत नाही. ही पायरी पॉलिश पेपरने घासली, तर हवा कोरडी झाल्यावर लाकूड पितळेपेक्षा आत बसेल, आणि गेलेले लाकूड परत येत नाही. सफाईनंतरही ‘टक्’ कायम राहिला, तर पितळी तुकडा लाकडात सैल झाला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी स्वतः फेव्हिक्विक न घालता क्यू जाणत्या कारागिराकडे द्यावा.

प्रश्न : क्यू महिनाभर जोडलेलाच राहिला आणि आता जॉइंट सुटत नाही. पक्कड लावावी का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पकडीने पितळेवर दात उमटतात आणि लाकूड चेपते. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे जॉइंटच्या दोन्ही बाजूंना गुंडाळावेत, क्यू न वाकवता सरळ रेषेत धरावा आणि हळूहळू जोर वाढवत पिळावा. सुटला नाही, तर तो दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवून पुन्हा प्रयत्न करावा. मेणबत्तीने तापवू नये. सुटल्यावर वरीलप्रमाणे सफाई करावी, आणि पुढे जोडताना तोंडे टेकली की थांबावे.