रविवारी उपदेश करायचाय, नेटवर नेमकं बघू काय?

प्रश्न: सलाम. मी श्रीरामपूर तालुक्यातल्या एका गावात राहतो, पतसंस्थेत क्लार्क आहे. आमच्या पाळकसाहेबांकडे चार गावं, त्यामुळे महिन्यातला एक रविवार तरुण संघाकडे येतो आणि यावेळी उपदेशाला माझा नंबर लागलाय. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे २३ वं स्तोत्र घ्यायचंय. घरात शास्त्र (बायबल) सोडलं तर एकही पुस्तक नाही, आणि नेटवर सर्च केलं की इतकं येतं की डोकंच चालत नाही. इंग्लिशही बेताचंच. तयार उपदेश मिळतात, त्यातलाच एक वाचून दाखवला तर चालेल का?

उत्तर: वाचून दाखवाल हो, पण मंडळीला दोन मिनिटांत कळतं. तुमच्या तोंडी अमेरिकेतल्या पाळकाच्या गाडीचा आणि बर्फाचा दृष्टांत आला की मागच्या बाकावरची म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. तयार उपदेश सगळ्यात शेवटी बघा, शनिवारी, आणि तोही आपलं काही राहिलं का एवढंच तपासायला.

आधी मोबाईल बाजूला ठेवून स्तोत्र चार-पाच वेळा मोठ्याने वाचा. सहाच वचनं आहेत. अडलं तिथे पेन्सिलने खूण करा, मग नेट चालू करा. यूव्हर्जनचं बायबल ॲप फ्री आहे, त्यात आपलं बायबल सोसायटीचं मराठी शास्त्र आहे आणि दुसरे मराठी अनुवादही आहेत, एकच वचन दोन अनुवादांत शेजारी-शेजारी लावून बघता येतं. बायबल गेटवे या साईटवर सोप्या मराठीतला अनुवाद मिळतो. दोन अनुवादांत शब्द वेगळा दिसला की समजायचं, मुळात इथे काहीतरी आहे.

तुमच्याच स्तोत्राचं बघा. सहाव्या वचनात आपल्या शास्त्रात कल्याण व दया ही ‘लाभतील’ असं आहे. आता ब्लू लेटर बायबल उघडा (हेही फ्री), ते वचन काढा, त्यावर टॅप केलं की प्रत्येक इंग्लिश शब्दाच्या पुढे एक नंबर दिसतो. हे स्ट्राँगचे नंबर, जेम्स स्ट्राँग नावाच्या माणसाने १८९० साली छापलेल्या शब्दसूचीतले. इथे नंबर आहे एच ७२९१, हिब्रू शब्द ‘रादाफ’. अर्थ, पाठलाग करणे. नंबरवर टॅप केलं की हा शब्द शास्त्रात आणखी कुठे-कुठे आलाय ती सगळी यादी खाली येते, मग ती वचनं तुम्ही मराठी शास्त्रातच काढायची, म्हणजे इंग्लिश बेताचं असलं तरी अडत नाही. निर्गमच्या १४ व्या अध्यायात फारोचं सैन्य इस्राएलाच्या मागे लागतं तिथे हाच शब्द, १ शमुवेल २३ मध्ये शौल राजा दाविदाच्या मागे रानात लागतो तिथेही हाच! ज्या दाविदाच्या मागे राजा भाला घेऊन लागला होता त्याच्या नावाचं स्तोत्र म्हणतंय की आता माझ्या मागे लागलंय ते कल्याण आणि दया. एवढ्या एका शब्दावर तुमचा अर्धा उपदेश उभा राहतो आणि तो कुणाचा उचललेला नसतो.

टीका (म्हणजे वचनांचं स्पष्टीकरण) वाचायची तर बायबल हबवर एका वचनाखाली बऱ्याच जणांच्या टीका सापडतात. फक्त हे ध्यानात ठेवा की फुकट मिळणाऱ्या टीका बहुतेक जुन्या असतात कारण त्यांचा कॉपीराइट संपलेला असतो. जुने टीकाकार मॅथ्यू हेन्री १७१४ मध्ये वारले, आणि मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्या (शास्त्राची फार जुनी हस्तलिखितं) सापडायला लागल्या १९४७ पासून. भक्तीसाठी हेन्री उत्तम, इतिहासासाठी नको. व्हिडिओ बघायचा तर बायबल प्रोजेक्टचे हिंदीत आहेत, पुस्तकाची रचना छान समजते.

आता व्हॉट्सॲप. २३ वं स्तोत्र म्हटलं की एक गोष्ट हमखास फिरते, मेंढपाळ पळकुट्या कोकराचा पाय मोडतो आणि मग ते खांद्यावर घेऊन फिरतो म्हणे. शास्त्रात असं कुठेही नाही. तुमच्या भागात दिवाळीनंतर धनगरांचे वाडे येऊन बसतात ना, त्यांच्यातल्या एखाद्या मामाला विचारा कोकराचा पाय मोडाल का म्हणून, काय उत्तर मिळतं बघा! तसंच ते चाळिसाव्या वर्षी चोच आपटून फोडणारं आणि पुन्हा तरुण होणारं गरुड. चोच फोडली तर गरुड उपाशी मरेल. मी स्वतः एकदा हे गरुड पुलपिटवरून उडवलं होतं, उपासना सुटल्यावर शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी बाजूला घेऊन समजावलं, अजून आठवलं की कान गरम होतात. खरं तर तोच मामा तुमचा सगळ्यात चांगला रिसोर्स, काठी कशाला, मेंढरं वाहत्या पाण्यावर पितात का, रात्री वाघर (मेंढरांभोवतीचं जाळं) कशी लावतात, अर्धा तास बसा त्याच्यापाशी.

आणि वचन वाचताना मोबाईल नको, छापील शास्त्रातून वाचा, मंडळीतल्या आज्यांना पान काढायला वेळ द्या.

प्रश्न: आम्ही वसईचे कॅथलिक. पाड्यावरच्या प्रार्थनासभेत वाचनावर दोन शब्द बोलायचे असतात. वरचंच सगळं आम्हालाही चालेल का?

उत्तर: चालेल की. तुमचं एक सोपं आहे, रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात आधीच ठरलेली असतात, अ वर्षी मत्तय, ब वर्षी मार्क, क वर्षी लूक, म्हणजे महिनाभर आधी तयारी करता येते. अमेरिकन बिशपांच्या साईटवर रोजची वाचनं इंग्लिशमध्ये मिळतात, पण काही सण आपल्याकडे वेगळ्या दिवशी येतात तेव्हा पॅरिशच्या कॅलेंडरशी ताडून बघा. पोपमहाशयांची प्रवचनं व्हॅटिकनच्या साईटवर आहेत. आणि दोन शब्द म्हणजे खरंच थोडंच बोला, सभेनंतर चहा असतो, तो थंड होतो.