गोव्याचा कौल १९६७ चा, नकाशा आजचा

प्रश्न : २६ जानेवारीला गावच्या वाचनालयात लावायला गोव्याच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाचा नकाशा बनवून राहिलो. महाराष्ट्रात जायचं की केंद्रशासित राहायचं, तो कौल. जुन्या कात्रणातून मतदारसंघांचे आकडे उतरवले, नेटवरून नकाशा काढला, तर त्यात मतदारसंघ ४० अन् माझ्याजवळ आकडे २८ चेच. पुतण्या म्हणते, काका तालुक्यावर रंगवून टाका. अन् एकीकडे ५४ टक्के लिहिलंय, दुसरीकडे साडेपंचावन्न, काऊन?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, आकडे बरोबर आहेत, नकाशाचं साल चुकलं. तेव्हा गोवा, दमण अन् दीवची विधानसभा ३० ची होती, त्यातले २८ गोव्याचे. १९८७ ला राज्य झालं अन् मग सभागृह ४० चं झालं, म्हणून मडगाव हे नाव दोन्हीकडं दिसलं तरी आजच्या हद्दीत जुना आकडा टाकता येत नाही. १९६७ चा निकाल गडचिरोली जिल्ह्यावर दाखवल्यासारखं होईल ते, गडचिरोली चंद्रपुरातून निघाला १९८२ ला! दमण-दीव मात्र सोडाच, तिथं प्रश्न गुजरातमध्ये जायचं का, असा होता.

पुतण्याचं म्हणणं वाईट नाही. जुन्या हद्दींचा नकाशा नाहीच भेटला तर तालुक्यावर या, फक्त तेव्हाचे ११ घ्या, धारबांदोडा नंतरचा आहे, त्याची गावं सांगे अन् फोंडा तालुक्यांत, जिथली होती तिथं परत टाका. पण टक्क्यांची सरासरी काढू नका बरं का, लोक इथंच फसतात. समजा एका मतदारसंघात २,००० पैकी १,८०० मतं विलीनीकरणाला अन् दुसऱ्यात १०,००० पैकी ४,०००, तर सरासरी ६५ टक्के येते अन् खरी बेरीज १२,००० पैकी ५,८००, म्हणजे अर्ध्याच्याही खाली, रंगच पलटला की नाही? आधी मतं जोडा, मग टक्के. एखादा मतदारसंघ दोन तालुक्यांत पसरला असला तर अंदाजानं फाडू नका, तिरप्या रेघा मारा अन् खाली लिहून द्या.

आता ५४ अन् साडेपंचावन्न. एकूण मतदान ३,१७,६३३, त्यात ७,२७२ मतं बाद. केंद्रशासितला १,७२,१९१, विलीनीकरणाला १,३८,१७०. बाद मतं धरून भागलं तर ५४.२ टक्के, वैध मतांनी भागलं तर ५५.५. दोन्ही खरे, पण अख्ख्या नकाशात एकच धरा, मी तर वैध मतंच धरतो.

रंगाचं म्हणाल तर दोनच रंग भरले की सत्तरी-सांग्याचं जंगल अख्खा कागद व्यापते अन् दाट वस्तीची सासष्टी कोपऱ्यात दबते, मतं मात्र जंगल देत नाही. आपल्याकडंही गडचिरोली १४,४१२ चौरस किलोमीटर अन् नागपूर ९,८९२, पण २०११ ला माणसं इकडं पावणेअकरा लाख, तिकडं साडेशेहेचाळीस! म्हणून रंग टक्क्यांप्रमाणं ठेवा, ५१ ला फिका अन् ८० ला गडद, अन् वरून मतांच्या आकड्याप्रमाणं लहानमोठे गोल काढा, बांगडी, वाटी, रुपया, जे घरी असेल ते ठेवून. सूचीत फूल अन् दोन पानं काढा, फूल विलीनीकरणाची निशाणी होती, पानं केंद्रशासितची. स्केचपेन नको, ट्रेसिंग पेपरमधून शाई फुटते, खडूच बरे.